पुढची साथ आली तर: आपल्या तालुक्यात नेमकं काय तयार हवं?

तिसवाडीकर (धागाकर्ता)

नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल बऱ्याच जणांनी वाचला असेल. साथ सुरू झाल्यापासूनचे पहिले १०० दिवस कसे वापरायचे हा त्याचा गाभा, आणि सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी वेगळा कायदा करा ही त्यातली मोठी शिफारस. तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्याकडे तीन कायदे आहेत: १८९७ चा साथरोग कायदा (२०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र झाला), २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि आपल्या गोव्याचा १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा. गंमत अशी की साथ कळते आरोग्य खात्याला, पण रस्ता, बाजार आणि हॉटेल बंद करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे. मधल्या मामलेदाराला दोन्हीकडून फोन.

या धाग्यावर खाटांचे आकडे नकोत, ते प्रत्येक पत्रकार परिषदेत मिळतात. गोव्यापुरतं बोलू: काय, किती, आणि ते बंद कुठे पडतं.

घाटपाणी

आधी खबर. केंद्राच्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यात 'आशाताई घरोघरी जातील' हे वाक्य असतं, आणि गोव्यात आशा योजनाच नाही. इथे ते काम बहुउद्देशीय आरोग्य सेवक-सेविका आणि अंगणवाडी सेविकांकडे जातं, आणि त्यांच्याकडे आधीच डेंग्यू, मलेरिया, लसीकरण, पोषण आहार असतो. दिल्लीचा कागद जसाच्या तसा उतरवला तर पहिल्याच पायरीला माणूस नाही. म्हणून उपकेंद्रनिहाय यादी आधीच ठरवून ठेवावी: कोणती घरं कोणाकडे, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाकडे.

रोगसर्वेक्षणाची पद्धत २००४ पासून आहे. उपकेंद्र लक्षणांवरून कळवतं, डॉक्टर संशयित म्हणून कळवतो, प्रयोगशाळा खात्री झालेलं कळवते. पूर्वी आठवड्याचे कागद जायचे, २०२१ पासून पोर्टलवर. फ्लूसदृश आजाराची व्याख्या सोपी आहे: ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि हे गेल्या १० दिवसांतलं. त्याच लक्षणांनी दाखल करावं लागलं तर तो तीव्र श्वसनविकार. यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. तापाचे रुग्ण पाऊस सुरू झाला की वाढतातच, दाखल होणारे अचानक वाढले तर मात्र कान टवकारायचे.

गळती खाजगी दवाखान्यांत. म्हापसा, मडगाव, फोंड्यात ताप आला की माणूस आधी ओळखीच्या डॉक्टरकडे जातो, आणि त्या डॉक्टरला पोर्टल भरायला वेळ नसतो. त्याच्याकडून पोर्टलची अपेक्षा सोडा. दिवसाला एकच आकडा मागा, 'आज तापखोकल्याचे किती', तोही फोनवरच्या संदेशाने. औषधविक्रेत्यांकडून पॅरासिटामॉलच्या खपाचा आठवड्याचा आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे जवळ असतील तरच यंदाचा आकडा बोलतो. ते साथ आल्यावर जमवता येत नाहीत.

कुठे डोळा ठेवायचा: मडगाव स्टेशन (कोझिकोडात निपाह आढळला की कोकण रेल्वेची गाडी तिथून थेट इथे येते), दाबोळी आणि मोपाचे विमानतळ, मुरगाव बंदर, आणि मालिम-कुटबणच्या मासेमारी जेटी. कुटबणला २०२४ मध्ये कॉलरा पसरला. ट्रॉलरवरच राहणारे कामगार, पुरेशी शौचालयं नाहीत, पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी श्वसनाचा रोग शिरला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि सत्तरी. २०१५ मध्ये तिथे माकडताप आला तेव्हापासून मेलेलं माकड ही बातमी असते. काजूच्या हंगामात लोक रानात जातात आणि गोचीड अंगावर घेऊन येतात. वनरक्षकाचा फोन वाळपईच्या आरोग्य केंद्रात त्याच दिवशी गेला तर उपयोग. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तीन खात्यांच्या तालुका पातळीवरच्या माणसांकडे एकमेकांचे मोबाइल नंबर आहेत का, ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

फोंडेकर_२

घाटपाणीबाब, हल्ली म्हणतात सांडपाणी तपासलं की साथ आठवडाभर आधी कळते. मग एवढी फोनाफोनी कशाला?

चिपवाली

सांडपाण्यासाठी आधी मलनिस्सारणाची वाहिनी लागते. पणजीचं टोंक, मडगावचं शिरवडे, वास्को इथल्या प्रकल्पांना जोडलेली घरंच त्या नमुन्यात येतात. उरलेला गोवा सेप्टिक टँक आणि सोकपिटावर चालतो. पणजीसाठी ही पद्धत चांगली, सांग्यासाठी शून्य. शिवाय पावसाळ्यात वाहिनीत पावसाचं पाणी शिरून नमुना पातळ होतो. तेव्हा प्रवाहाचं मोजमाप सोबत नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता प्रयोगशाळा. रोग नवा असेल तर सुरुवातीला चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होणार. मार्च २०२० मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत गोव्याचे नमुने तिकडेच जात होते. म्हणजे पहिल्या पंधरवड्याचा प्रश्न यंत्राचा नाही, डब्याचा आहे. नमुना विषाणू टिकवणाऱ्या माध्यमाच्या नळीत, २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर उणे ७०. तीन आवरणं: गळणार नाही अशी नळी, भोवती शोषक कापूस घालून घट्ट झाकणाचा दुसरा डबा, बाहेरून टणक खोका आणि त्यावर जैविक धोक्याचं लेबल. कागद दुसऱ्या आणि तिसऱ्या आवरणाच्या मध्ये ठेवायचा, आत नळीला चिकटवून नाही. भिजलेला फॉर्म वाचता येत नाही आणि नमुना बाद होतो. विमान रद्द झालं तर रस्त्याने कोण नेणार, त्या चालकाचं नाव आजच लिहिलेलं हवं.

नंतर चाचणीचे संच येतात. एका प्लेटला ९६ खळगे, त्यात नियंत्रण नमुने धरले की रुग्णांचे साधारण ९४. यंत्राची फेरी दोनेक तासांची, म्हणून कागदावर दिवसाला बाराही फेऱ्या दाखवता येतात. प्रत्यक्षात चार-पाच झाल्या तर प्रयोगशाळा चांगली म्हणायची, कारण आरएनए वेगळा करायला वेळ लागतो आणि त्याहून जास्त वेळ नोंदणीला. नाव एक, फोन दुसऱ्याचा, पत्ता 'चर्चजवळ'. यंत्र मोकळं आणि ढीग फॉर्मचा, हे चित्र सगळीकडे सारखं. दोन तंत्रज्ञांमागे एक डेटा एंट्री करणारा धरा.

आपल्या पदरात एक चांगली गोष्ट आहे. चिपवर चालणारं ट्रूनॅट यंत्र बनवणारी मोलबायो कंपनी वेर्ण्याची. ते यंत्र बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं, काणकोणच्या आरोग्य केंद्रातही बसतं. पण एका वेळी थोडेच नमुने घेतं. तेव्हा ते अपघात विभाग, प्रसूती आणि शवागारासाठी राखावं. रांगेतल्या प्रवाशांवर घालवू नये.

नळजोड

ऑक्सिजनवर लिहितो. आधी गणित.

१०० खाटांचं रुग्णालय धरा, २० अतिदक्षता आणि ८० साध्या. २०२१ मध्ये केंद्राने वापरलेला ठोकताळा असा: अतिदक्षतेच्या प्रत्येक खाटेला मिनिटाला २४ लिटर, साध्यांपैकी निम्म्यांना १० लिटर.

२० × २४ = ४८०
४० × १० = ४००
एकूण मिनिटाला ८८० लिटर, दिवसाला सुमारे १,२६७ घनमीटर.

जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर. म्हणजे दिवसाला १८१ जंबो. द्रवरूपात हेच सुमारे १,४७० लिटर, कारण १ लिटर द्रवाचा ८६० लिटरच्या आसपास वायू होतो. वजनात पावणेदोन टनांना थोडा कमी.

आता मॅनिफोल्ड, म्हणजे दोन बाजूंना सिलिंडर जोडून आलटून पालटून वॉर्डाच्या नळीला ऑक्सिजन देणारी जोडणी. एका बाजूला २० जंबो लावले तर १४० घनमीटर, ते दोन तास चाळीस मिनिटांत संपतात. रात्री ८ ते सकाळी ८ मध्ये चार-पाच वेळा बाजू बदलायची. प्रत्येक वेळी २० व्हॉल्व्ह बंद, २० जोडनळ्या सोडा, रिकामे ओढा, भरलेले आणा, वॉशर तपासा, साबणाचं पाणी लावून गळती बघा. ऑक्सिजनच्या जोडाला तेल-ग्रीसचा हात लागता कामा नये, भडका उडतो. हे काम एका माणसाचं नाही, आणि रात्रपाळीला बहुतेक ठिकाणी एकच असतो. मे २०२१ मध्ये बांबोळीला पहाटे २ ते ६ या वेळेतले मृत्यू उच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा चर्चा 'ऑक्सिजन होता की नव्हता' यावर रंगली. राज्यात साठा असणं आणि वॉर्डातल्या शेवटच्या आउटलेटला दाब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाला दाब ४ बारच्या थोडा वर लागतो. बाजू बदलताना तो काही मिनिटं जरी पडला तरी व्हेंटिलेटर बोंब मारतो, आणि साध्या मास्कवरचा रुग्ण गप्प राहतो. त्याच महिन्यात तिथे द्रव ऑक्सिजनची २०,००० लिटरची टाकी बसली.

टाकी आली म्हणून निर्धास्त होऊ नका:

१) टाकीतला द्रव उणे १८३ अंशांवर. त्याचा वायू करणाऱ्या, पात्या लावलेल्या नळ्यांवर बर्फ चढतो. आपल्या दमट हवेत जास्तच. दोन संच आलटून पालटून चालवायचे. एकच संच असेल आणि ओढ वाढली तर गारठलेला वायू पुढे जातो, रेग्युलेटर अडकतो.

२) जुन्या इमारतीतली तांब्याची नळी त्या काळच्या वापरासाठी टाकलेली असते. मेडिसिन वॉर्डात एकदम ४० रुग्ण १० लिटरवर गेले की टोकाच्या खाटांना दाब पुरत नाही. नवीन टाकी हा प्रश्न सोडवत नाही, मुख्य नळी जाड करावी लागते. तोवर जास्त ऑक्सिजन लागणारा रुग्ण नळीच्या सुरुवातीच्या खाटांवर ठेवायचा, हा फुकटचा उपाय.

३) जास्त प्रवाहाची नाकनळी एकटी मिनिटाला ५०-६० लिटर खाऊ शकते. अशा २० लावल्या तर मिनिटाला १,००० लिटर देणारा आख्खा ऑक्सिजन प्लांट त्यांनाच. किती लावायच्या ही मर्यादा प्लांटवाल्याने डॉक्टरांना लेखी द्यावी.

४) टाकीला स्फोटके विभागाचा परवाना लागतो. तो साथीत मागायचा नसतो.

तिसवाडीकर

हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लांट २०२१ नंतर बसलेच आहेत की. मग टँकरची एवढी काळजी का?

नळजोड

बसलेत, चालतात का ते विचारा.

पीएसएमध्ये कंप्रेसर, ड्रायर, गाळण्या, मग झिओलाइट भरलेले दोन मनोरे. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, बाहेर ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन येतो. त्या झिओलाइटचा शत्रू ओलावा आणि तेलाची वाफ. प्लांट चार महिने बंद, बाहेर जुलैचा पाऊस, ड्रायर बिघडलेला, आणि मॉक ड्रिलच्या दिवशी बटण दाबलं की शुद्धता ९० च्या खाली. दर आठवड्याला काही तास खऱ्या भारावर चालवणं, शुद्धतेचा आकडा वहीत लिहिणं, कंडेन्सेटचं पाणी सोडणं, गाळण्या वेळेवर बदलणं, एवढंच काम. पण त्यासाठी माणूस आणि वार्षिक देखभाल करार लागतो. उद्घाटनाच्या फलकाबरोबर करार येत नाही.

वीज गेली की पीएसए थांबतो. तौक्ते वादळ १५-१६ मे २०२१ ला आलं, दुसरी लाट ऐन भरात असताना, आणि राज्यभर तारा तुटल्या. जनरेटर प्लांटचा सुरुवातीचा धक्का सोसेल एवढा हवा, आणि टाकीत दोन दिवसांचं डिझेल.

टँकर घाटातून येतो. चोर्ला किंवा अनमोड, पावसात दोन्हीकडे दरड. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली होता. म्हणून तीन पाय हवेत: द्रव टाकी, पीएसए, आणि कोपऱ्यात भरलेले सिलिंडर. पीएसएने सिलिंडर भरता येतील असं कोणी म्हणालं तर बूस्टर कंप्रेसर आहे का ते आधी विचारा. ४-५ बारच्या वायूने १५० बारचा सिलिंडर भरत नाही.

पिवळीपिशवी

सिलिंडरवाल्यांचं झालं असेल तर झाडूवाल्यांचंही ऐका.

फरशी-वस्तू निर्जंतुक करायचं १ टक्का हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग द्रावण, ४ भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ३० टक्क्यांची असेल तर लिटरला सुमारे ३३ ग्रॅम. रोज सकाळी नवं करायचं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलभर ठेवलेल्या कॅनवर ५ लिहिलेलं असतं, आत किती उरलंय देव जाणे. माणसांवर फवारायचं नाही. २०२० मध्ये फवारणी बोगदे उभे राहिले होते, ते सगळे निरुपयोगी आणि डोळ्यांना घातक. रक्त-उलटी सांडली असेल तर आधी पुसून मग द्रावण, नाहीतर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं.

हातांना चोळायचं द्रावण जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १० लिटर: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरॉल १४५ मिली, उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. ७२ तास ठेवून मग वापरा, बाटलीतले जिवाणूंचे बीजाणू तेवढ्यात मरतात. गोव्यात डिस्टिलरींची वानवा नाही, दर करार आधी करून ठेवला तर आठवड्यात माल मिळतो. फेणी चालणार नाही, ४२-४३ टक्क्यांवर विषाणू नुसता झिंगेल.

हवा: बंद खोलीत स्प्लिट एसी म्हणजे तीच हवा फिरवत राहणं. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी तासाला १२ वेळा हवा बदलावी लागते. समोरासमोर खिडक्या असलेला जुना वॉर्ड एसीच्या नव्या वॉर्डापेक्षा कितीतरी बरा. एक्झॉस्ट पंखा बाहेर जिन्यात नको, मोकळ्यावर सोडा.

कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही. कुंडईच्या प्रकल्पाकडे जाणारी गाडी रविवारी येते का, सणाला येते का, हे विचारून ठेवा.

फोंडेकर_२

झिंगलेला विषाणू आवडला 🙂 पण खरेदीचं काय? २०२० मध्ये सगळे एकाच वेळी बाजारात गेले, मास्क दहापट भावाने.

पिवळीपिशवी

२० खाटांच्या अतिदक्षतेचा हिशेब: सहा तासांची पाळी, दर दोन रुग्णांमागे एक नर्स म्हणजे १०, डॉक्टर ३, सफाई आणि इतर ५. पाळीला १८, दिवसाला ७२, महिन्याला मास्क-गाऊनचे २,१६० संच. एवढं एका रुग्णालयाचं. गोदामात भरून ठेवलं तर पाच वर्षांनी रबराचे पट्टे तुटतात. म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते रोजच्या क्षयरोग वॉर्डात वापरत राहायचं आणि मागून नवं भरायचं. साठा फिरता हवा. आकारही दोन-तीन घ्या. मास्क चेहऱ्याला बसत नसेल तर एन-९५ हे नावापुरतं, आणि दाढीवर तो बसतच नाही.

शीतपेटी

लसीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडं.

अठरा वर्षांवरचे साडेअकरा लाख धरा. एक पथक दिवसाला १०० जणांना टोचतं. एक मात्रा ३० दिवसांत उरकायची तर ३८० च्या वर पथकं, रोज. १९१ ग्रामपंचायती आहेत, तेव्हा पंचायतीमागे दोन पथकं ही मोजणी डोक्यात ठेवायला सोपी. २०२१ च्या टिका उत्सवात पंचायतनिहाय शिबिरं झाली ती याच कारणाने चालली: लोकांना ठिकाण माहीत होतं.

लस बिघडते ती उष्णतेइतकीच थंडीनेही. २ ते ८ अंशांच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या भिंतीला कुपी टेकली की गोठते. कॅरियरमध्ये आइसपॅक फ्रीझरमधून काढल्या काढल्या घालायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग भरायचे. घाईच्या सकाळी हीच पायरी गाळली जाते. कोविशिल्डची १० मात्रांची कुपी उघडली की ४ तास. दुपारी उरलेल्या मात्रांसाठी जवळच्या वृद्धाश्रमाची, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी शिबिरात हवी. टोचल्यावर ३० मिनिटं बसवायचं, आणि पेटीत अ‍ॅड्रेनालिन मुदतीतलं हवं: प्रौढाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या स्नायूत.

उणे ७० ची लस आली तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस २ ते ८ अंशांत टिकणारी होती, तेव्हा सगळंच उणे ७० चं असेल असं नाही. तरी कोरडा बर्फ कुठून येईल याचा पत्ता एका ओळीत लिहून ठेवायला काय जातं. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा साथींबाबतचा करार झाला, त्यात कंपन्यांनी लस-औषधांच्या उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत संघटनेला द्यायचं ठरलंय, पण विषाणूचे नमुने आणि त्याचा मोबदला कसा वाटायचा हे जोडपत्रावर सोडलं. त्या भरवशावर राहू नये.

तिसवाडीकर

पंचायतीला एक पान द्यायचं झालं तर त्यावर काय? सरपंच दहा पानं वाचणार नाही.

घाटपाणी

एका पानावर हे: वाड्यानिहाय एकटे राहणारे वृद्ध, डायलिसिसवाले, गरोदर बायका. भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, त्यांच्या ठेकेदाराचा नंबर, आणि त्यांच्या भाषेत बोलणारा एक माणूस. २०२० मध्ये वास्कोच्या मांगोर हिलला दाटीची वस्ती बंद केली तेव्हा खरी अडचण विलगीकरणाची होती. एका खोलीत सहा जण असतील तर 'घरी वेगळे राहा' हा सल्ला कुचकामी, त्यांच्यासाठी शाळा किंवा सभागृह आधी ठरवा. दर ५० माणसांमागे शौचालयं किती ते मोजून. भाजी बेळगावहून येते, नाके बंद झाले की तिसऱ्या दिवशी बाजार रिकामा. म्हणून मालवाहू गाड्यांचे पास कोण देणार त्याचं नाव. शेवटी ऑक्सिमीटर १०, सेल वेगळे काढून ठेवलेले, नाहीतर पावसाळ्यात संपर्कपट्ट्या गंजतात.

तालीम मात्र पूर्वसूचना न देता करा, शनिवारी रात्री ११ ला. काम एकच द्यायचं: 'मोलेच्या नाक्यावर तापाचा रुग्ण, श्वास लागलाय.' रुग्णवाहिका किती वाजता निघाली, आरोग्य अधिकाऱ्याने फोन उचलला का, खाट कोणत्या वॉर्डात मिळाली, नमुना फ्रीजमध्ये गेला की टेबलावर राहिला, संपर्कातल्यांची पहिली यादी कधी झाली. सगळ्यापुढे घड्याळाची वेळ लिहा. ७-१-७ म्हणतात ते हेच: सात दिवसांत ओळख, एका दिवसात कळवणं, सात दिवसांत पहिली कारवाई पूर्ण. कुठल्या पायरीला वेळ गेला ते त्या कागदावर दिसतं.

नळजोड

त्याच रात्री मॅनिफोल्डची बाजूही बदलून बघा. रात्रपाळीवाल्यालाच करू द्या, इंजिनिअरने हात लावू नये. आणि दाबाचा काटा तळघरात बघू नका, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खाटेजवळ बघा.